मुखवटा जुना, माणूस नवा

जी पुस्तके एके काळी शाळेच्या दप्तरात लपवून आणावी लागत, ती आज काचेच्या कपाटात मांडली जाऊ लागली आहेत. चित्रकथांतील जुन्या महानायकांना पुन्हा एकदा बाजारात उभे करण्याची लाट गेल्या काही वर्षांत आपल्या देशातही आली आहे. हिंदीतील नागराज १९८६ साली जन्मला, सुपर कमांडो ध्रुव त्याच्या पाठोपाठ १९८७ साली. या दोघांचे जीर्ण झालेले अंक २०२० नंतर नव्याने छापले जाऊ लागले. अमर चित्रकथेचे संच जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत मिळू लागले. रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने गेलेल्या अंकांसाठी आता संग्राहक हौसेने वाटेल ती किंमत मोजतात. या साऱ्या उलाढालीचे वर्णन 'नव्या पिढीसाठी पुनरागमन' असे केले जाते. हे वर्णन कितपत खरे आहे, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

माझ्या मनात हा विचार आला तो एका अगदी घरगुती प्रसंगामुळे. पस्तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर एक जुनी हौस भागवावी म्हणून मी वेताळाच्या चित्रकथांचा एक पुनर्मुद्रित इंग्रजी संग्रह टपालाने मागविला. किंमत पाहून हात मागे आला होता. पण बालपणाचा मोह जबर असतो. पुस्तक काटोलला आले त्या दिवशी सहावीत शिकणारी माझी नात ते घेऊन बसली. चित्रे तिने भराभर पाहिली आणि मग पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आबाजी, हा तर इंग्रजीत बोलून राहिला. तुमच्या वेळी मराठी बोलत होता म्हणता ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुनरागमन झाले होते, यात शंका नाही. परंतु ते माझ्यासाठी झाले होते. ज्या पिढीच्या नावाने हा सोहळा चालला आहे, ती पिढी माझ्यासमोर बसून पुस्तक मिटवीत होती.

साठ पैशांचा वेताळ

ज्यांना तो काळ ठाऊक नाही, अशा वाचकांसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसमूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली. आरंभीची किंमत साठ पैसे. १९९० साली ती बंद पडेपर्यंत तिचे सुमारे आठशे अंक निघाले आणि इंग्रजी-हिंदीप्रमाणेच मराठी, बंगाली, गुजराती आदी भाषांतूनही ती निघत असे. तिचा मुख्य नायक वेताळ. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रीय चित्रपट्टीतून त्याला प्रथम जगासमोर आणले. सुपरमॅन येण्यास त्यानंतर दोन वर्षे लागली. म्हणजे घट्ट पोशाख आणि मुखवटा धारण करणाऱ्या नायकांच्या घराण्यात वेताळ हा वडीलधारा होय.

त्याचे 'वेताळ' हे नाव ज्याने योजले, त्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा अनेक गावांचा ग्रामदेव आहे. रात्री गावाच्या सीमेवर फिरून तो राखण करतो, अशी श्रद्धा आहे. राजा विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ तर 'चांदोबा'मुळे घराघरांत ठाऊक होता. अमेरिकेत जन्मलेल्या, आफ्रिकेच्या अरण्यात राहणाऱ्या त्या जांभळ्या पोशाखातील पुरुषाला या एका शब्दाने आमच्या शिवारात आणून सोडले. एवढेच नव्हे, तर त्याच्या काल्पनिक देशाचे मूळ नाव बंगालची आठवण करून देणारे होते, म्हणून ते 'डेंकाली' असे बदलण्यात आले. खलनायकांची भारतीय वाटणारी नावेही फिरविण्यात आली. वाचक कोण आहे हे ध्यानात घेऊन नायकाला नवा जन्म द्यावा लागतो, हे त्या काळच्या संपादकांना कळत होते.

काटोल हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील गाव. नागपूर साठेक किलोमीटरवर आणि मध्य प्रदेशाची हद्दही जवळच. त्यामुळे येथील मुलांच्या कानांवर दोन्ही भाषा सारख्याच पडतात. माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे अंक दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे टांगलेले असत. दहा पैसे भाडे देऊन तेथेच बाकावर बसून वाचायचे. मराठी अंक हाती लागला नाही तर हिंदी, आणि हिंदीही नसला तर चित्रे पाहून संवाद आपणच रचायचे. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्यांची मुले आणि वकिलांची मुले तेथे एकाच बाकावर बसत. त्या बाकावर वाचनाची जी सवय लागली, तीच पुढे आम्हाला ग्रंथालयाच्या दारापर्यंत घेऊन गेली, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

एकविसावा वारस

वेताळाच्या कथेतील मूळ कल्पना फार अर्थपूर्ण आहे. अरण्यातील लोक मानतात की हा पुरुष अमर आहे, चारशे वर्षे तोच वावरत आहे. वस्तुस्थिती निराळी. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका माणसाने अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. पुढे बाप गेला की मुलाने तीच शपथ नव्याने घ्यायची, तोच मुखवटा चढवायचा. ज्याच्या कथा आपण वाचतो तो एकविसावा. मुखवटा जुना, आत माणूस मात्र प्रत्येक पिढीत नवा, हे त्याच्या अमरत्वाचे रहस्य.

जुन्या नायकांना पुन्हा उभे करू पाहणाऱ्या प्रकाशकांनी हे रहस्य त्याच्याकडूनच शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत १९५६ साली हेच घडले. 'फ्लॅश' हा १९४० सालचा नायक विस्मृतीत गेला होता. प्रकाशकांनी त्याचे जुने अंक पुन्हा छापले नाहीत. नाव तेवढे ठेवले आणि माणूस, पोशाख, कथा, सारे नवे केले. त्या एका अंकापासून तेथील चित्रकथांचे दुसरे युग सुरू झाले, असे त्या क्षेत्राचे अभ्यासक मानतात. स्वीडनचे उदाहरण तर अधिक बोधप्रद आहे. त्या देशात १९५० पासून वेताळाचे नियतकालिक स्वीडिश भाषेत निघते, आणि केवळ अनुवादावर न थांबता तेथील लेखक-चित्रकारांनी १९६३ पासून त्याच्या स्वतंत्र नव्या कथा रचल्या. स्वीडनची लोकसंख्या सुमारे एक कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आपण ८ कोटी ३० लाख. वाचकांच्या अभावी मराठीत हे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आपल्याकडेही एक यशस्वी प्रयोग झालेला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा चित्रकथेतील नव्हे, कादंबरिकांतील नायक. त्याच्याजवळ अद्भुत शक्तीही नाही. फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा सायकल, जिज्ञासा आणि उपजत धाडस एवढ्या भांडवलावर मराठी मुलांचा महानायक झाला. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण केले गेले आणि परीक्षांतील काळ्या धंद्याशी त्याची गाठ घालून देण्यात आली. जुन्या वाचकांपैकी काहींना हे रुचले नसेल. परंतु आजच्या विद्यार्थ्याच्या मनातील खरे भय परीक्षेचे आणि तिच्यातील लबाडीचे आहे, हे त्या चित्रपटकर्त्यांनी ओळखले.

याउलट 'चांदोबा'ची कहाणी. जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांतून सुरू झालेले हे मासिक पुढे अनेक भारतीय भाषांत गेले. मराठीत त्याने कित्येक पिढ्यांना वाचते केले. २००७ साली मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ते ताब्यात घेतले. रूप पालटले, घोषणा झाल्या. आणि २०१३ साली मासिक बंद पडले. त्या कंपनीच्या आर्थिक अडचणी हे त्याचे प्रत्यक्ष कारण. पण नाव विकत घेता आले, तरी वाचकांची सवय विकत घेता येत नाही, हाही त्यातला धडा आहे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अंक हाती पडण्यावर ती सवय पोसलेली असते. एकदा ती तुटली की नव्या वेष्टनाने जुळत नाही.

हात मराठी, भाषा परकी

या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि ती मराठी माणसाला अंतर्मुख करणारी आहे. भारतीय चित्रकथांच्या इतिहासात मराठी चित्रकारांचा वाटा केवढा मोठा आहे! अमर चित्रकथेतील 'कृष्ण' राम वाईरकरांनी रेखाटला. 'टिंकल'मधील सुपंडीचे ते टोकदार डोकेही त्यांच्याच कुंचल्याचे. शिकारी शंभू वसंत हळबे यांचा, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. हिंदी भाषिक प्रदेशातील मुलांनी ज्याला डोक्यावर घेतले, त्या नागराजाचे पहिले रूप पुण्याच्या प्रताप मुळीकांनी सिद्ध केले. संजय अष्टपुत्रे, दिलीप कदम ही नावेही याच मालिकेतील. साऱ्या देशाच्या बालपणाला रंगरेषा पुरविणारे हे हात मराठी. पण त्यांतून जन्मलेले बहुतेक नायक आधी इंग्रजी किंवा हिंदी बोलले. मराठीत स्वतःचा, महाराष्ट्रभर गाजलेला असा चित्रकथांचा महानायक उभा राहिला नाही. आमच्या मुलाला वाईरकरांची रेषा कळते. तिच्यावरचा संवाद वाचण्यासाठी मात्र त्याला दुसऱ्या भाषेची पायरी चढावी लागते.

चित्रपटांच्या जगात ही अडचण ओलांडली गेली आहे. मुंबईचा पवित्र प्रभाकर हा भारतीय 'स्पायडरमॅन' २००४ साली एका छोट्या चित्रकथामालेत प्रथम आला. २०२३ साली तोच पवित्र एका भव्य अमेरिकन चित्रपटात झळकला आणि तो चित्रपट आपल्याकडे दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यांत मराठी होती. पडद्यासाठी जे परवडते ते कागदासाठी का परवडू नये?

खर्चाची सबब पुढे केली जाईल, म्हणून छपाईचे तंत्र थोडक्यात सांगतो. रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटांवर होते. संवादांची अक्षरे काळ्या प्लेटवर असतात. म्हणून भाषा बदलताना सारे पुस्तक नव्याने उभे करावे लागत नाही. इतर तीन प्लेटा त्याच ठेवून काळी तेवढी बदलली की काम भागते. खरा खर्च आहे तो अनुवादकाचा आणि अक्षरकाराचा. वेलांटी-मात्रांना वर जागा लागते आणि उकारांना खाली, त्यामुळे इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात मराठी वाक्य बसविणे ही स्वतंत्र कला आहे. त्या कलेला योग्य मोल द्यावे; परंतु तेवढ्यासाठी आठ कोटींची भाषा वगळावी, हा हिशेब पटणारा नाही.

आमचा काटोलचा मुलूख संत्र्यांचा. येथील बागाइतदार जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतो. फळ येते ते डोळ्याच्या जातीचे. परंतु जमिनीतून पाणी ओढायचे ते खुंटाच्या मुळांनी. नायक कोठूनही आणावा. खुंट मात्र येथला हवा, आणि तो खुंट म्हणजे मुलाच्या तोंडची भाषा.

शिक्षकांचे आक्षेप

आता आम्हा शिक्षकांविषयी. चित्रकथांना सर्वांत मोठा विरोध शाळेतून झाला. अमेरिकेत १९५४ साली चित्रकथांनी मुले बिघडतात असा गदारोळ उठला आणि प्रकाशकांना स्वतःवर आचारसंहिता लादून घ्यावी लागली. आपल्याकडे संहितेची गरज पडली नाही; छडी पुरेशी होती. पाचवीत असताना माझ्या दप्तरातून निघालेला भाड्याचा अंक गुरुजींनी वर्गासमोर फाडला आणि त्याची भरपाई म्हणून मी महिनाभर त्या सायकलच्या दुकानात चाकांत हवा भरली. हे दुःख विसरलो नव्हतो, तरी शिक्षक झाल्यावर मीही तेच केले. १९९० च्या सुमारास एका मुलाकडून नागराजाचा अंक काढून घेतला आणि कपाटात टाकला. तो मुलगा वाचनात वर्गात मागे होता. जे एकमेव पुस्तक तो आपणहून वाचत होता, ते मी त्याच्या हातातून काढून घेतले, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. आज ते सलते.

आक्षेप सर्वस्वी निराधार आहेत असे मी म्हणणार नाही. निकृष्ट चित्रकथा पुष्कळ आहेत. मारामारीखेरीज ज्यांत काही नाही अशाही आहेत. वेताळाच्या जुन्या कथांतही एक मोठे वैगुण्य आहे. गोऱ्या पुरुषाने अरण्यातील काळ्या लोकांचे रक्षण करायचे आणि त्यांनी त्याला देव मानायचे, ही साम्राज्यकाळातील दृष्टी आज जशीच्या तशी मुलांच्या हाती देता येणार नाही. म्हणूनच केवळ पुनर्मुद्रण पुरेसे नाही, नवी निर्मिती हवी, असे माझे प्रतिपादन आहे. आबिद सुरती यांनी १९७६ साली 'इंद्रजाल'साठी बहादूर निर्माण केला, तो याच जाणिवेतून आला असावा. डाकूचा मुलगा, केशरी कुडता आणि जीन्स घालणारा; गावकऱ्यांना संघटित करून दरोडेखोरांचा सामना करणारा. गावाचे रक्षण गावानेच करायचे, हा विचार त्यात होता.

परंतु चित्रांमुळे मुलाचे वाचन खुंटते, हे मत सोडून देण्याची वेळ आली आहे. 'असर' या संस्थेच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ साली पुन्हा २७.१ पर्यंत चढली. म्हणजे वर्गातील चार मुलांपैकी जेमतेम एक. अशा वेळी पुढच्या चौकटीत काय घडते या उत्सुकतेने मूल स्वतः होऊन अक्षर लावीत असेल, तर त्या उत्सुकतेचा उपयोग करून घेणे हेच शहाणपणाचे.

काय करता येईल

मार्ग फार अवघड नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत अनुदानित ग्रंथालये आहेत. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत उत्तम चित्रकथांना मानाचे आणि स्वतंत्र स्थान मिळाले, तर प्रकाशकाला मराठी आवृत्तीच्या किमान खपाची शाश्वती मिळेल आणि किंमत उतरेल. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि अल्प किमतीत खेड्यांपर्यंत जाते. त्यात महिन्याला आठ पाने एका क्रमशः चित्रकथेला दिली, तर मराठी नायकाला घर मिळेल. चित्रकार आपल्याकडे आहेत. वाईरकर-मुळीकांची परंपरा आहे. विषयांना तर तोटाच नाही. सायबर भामट्यांपासून वाळू उपसणाऱ्यांपर्यंत आजचे चाचे आपल्या अवतीभवती वावरत आहेत.

राहिली माझी नात. तिला मी वेताळाच्या वंशाची गोष्ट मराठीतून सांगितली. बापानंतर मुलगा, त्यानंतर त्याचा मुलगा, हे ऐकून ती मध्येच म्हणाली, "मंग पोरगीच झाली तर?" एकविसाव्या वेताळाला जुळी अपत्ये आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी, हे मी तिला सांगितले. "मंग तिची गोष्ट काढा ना," असे तिने मला बजावले, जणू मीच प्रकाशक!

ती गोष्ट काढणे माझ्या हातचे नाही. मी एवढेच केले की, कागदाच्या चिठ्ठ्यांवर मराठी संवाद लिहून ते त्या महागड्या पुस्तकातील फुग्यांवर चिकटविले. संग्राहकाच्या दृष्टीने पुस्तकाचे मोल शून्य झाले. नातीने ते दोन दिवसांत वाचून संपविले, मग शाळेत नेले. त्याला आता तीन आठवडे झाले. पुस्तक अद्याप परत आलेले नाही. सध्या ते कोणाकडे आहे अशी मी चौकशी केली, तेव्हा तिने सहा नावे सांगितली.